भवानीचा आणा

पिंपरी स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला माझं सायकलींचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, हवा भरायचा पंप आणि तासाच्या भाड्यानं द्यायच्या सायकली. समोर लिंबाचं झाड. त्या झाडाखाली भिमाजी भाजक्या शेंगांची पाटी घेऊन बसायचा. तो आंधळा होता. पण हे आधी सांगितलं की लोक लगेच तोंडानं चुकचुकतात आणि मला त्या आवाजाची चीड आहे, म्हणून आधी त्याच्या शेंगांचं सांगतो. शेंगा चाकणच्या बाजारातल्या, वाळूत भाजलेल्या, एकही कच्ची नाही की करपलेली नाही. त्याची बायको सोजराबाई पहाटे चुलीवर कढई चढवायची आणि हा नुसत्या वासावरून सांगायचा, "आता उतरव." नव्या औषधाच्या कंपनीत कामाला जाणारी निम्मी माणसं त्या वासानंच झाडाकडे वळायची.

मी स्वतः मात्र त्याच्या शेंगा कधी घेतल्या नाहीत. माझ्या दाढा तरुणपणीच किडल्या. शेंगदाणा चावला की थेट डोक्यात कळ जायची. भिमाजीला हे माहीत होतं आणि त्यावरून तो रोज माझी टिंगल करायचा.

"जोतीभाऊ, समद्या टेशनानं माझी भवानी केली, तुझी मातर माझ्या नशिबात न्हाई. त्या दाढा उपटून टाक की एकदाच्या!"

"तुझ्या शेंगा फुकट दिल्यास तरी घ्यायचा नाही मी," असं मी ओरडायचो आणि तो पोट धरून हसायचा.

भवानी म्हणजे दिवसातली पहिली विक्री. कुठलाही दुकानदार त्या पहिल्या नाण्याला मान देतो, कपाळाला लावतो, मग गल्ल्यात टाकतो. भिमाजीची रीत जरा वेगळी होती. तो भवानीचा आणा आधी उजव्या पापणीला लावायचा, मग डाव्या, आणि मग कमरेच्या पिशवीत सोडायचा. बाकी दिवसभर येणारी नाणी सरळ पिशवीत जायची. मी एकदा विचारलं, डोळ्यांना का लावतोस रे? तो म्हणाला, "डोळ्यांपायीच तर बसलोय हितं. पैला पैसा त्येंच्याच नावानं."

ते खरंच होतं. भिमाजी नगरकडचा. दुष्काळात बायकोला घेऊन इकडे आला आणि मोशीच्या बाजूला दगडाच्या खाणीवर लागला. एक सुरुंग पेटवूनही उडाला नाही. बराच वेळ वाट बघितली आणि मुकादम म्हणाला, जाऊन बघ. हा वाकला आणि तो उडाला. डोळे गेले, डाव्या हाताची दोन बोटं गेली, उजव्या हाताची पेरं भाजून दगडासारखी टणक झाली. खाणीच्या मालकानं हातावर थोड्या नोटा ठेवल्या आणि खाण दुसरीकडे हलवली. त्या माणसाला शिव्या देऊन मी थकलो, पण भिमाजीनं कधी त्याचं नावही काढलं नाही.

मग कुणीतरी सांगितलं, पुण्यात डोळ्यांचे एक डॉक्टर आहेत, ऑपरेशन करतात. डॉक्टर सरळ माणूस होते. आशा थोडी आहे, असं त्यांनी आधीच सांगितलं. पण थोडी म्हटलेली आशा माणूस सगळीच्या सगळी धरतो. पिंपरी गावातल्या शालनबाईंकडून दीडशे रुपये काढले, रुपयाला महिना अर्धा आणा व्याज, आणि तारण म्हणून सोजराबाईच्या मंगळसूत्रातलं सोन्याचं डोरलं ठेवलं. ऑपरेशन झालं. पट्टी सोडली. डॉक्टरांनी विचारलं, "काही दिसतंय?" भिमाजीनं मान इकडून तिकडे वळवली. मग त्यानं सोजराबाईला विचारलं, "दिवस हाय का रात?" भर दुपारची वेळ होती.

असं ते कर्ज. डोळ्यांसाठी काढलेलं, डोळे आले नाहीत आणि कर्ज राहिलं.

डोरलं गेल्यावर नुसते काळे मणी गळ्यात बरे दिसेनात, म्हणून सोजराबाईनं पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून बांधलं. गरिबाघरी तशी चालच असते. सकाळी पाटी खाली ठेवायला ती वाकली की भिमाजीला हळदीचा वास यायचा. "आली बघा हळदीची नवरी," असं तो म्हणायचा. ती लाजायची, इकडेतिकडे बघायची आणि पदर गळ्याभोवती ओढून घ्यायची. तिला त्या हळकुंडाची लाज वाटायची. स्टेशनावरच्या बायका आधी तिच्या गळ्याकडे बघत आणि मग तोंडाकडे.

शालनबाई दर रविवारी यायच्या आणि माझ्या दुकानाच्या बाकावर ऐसपैस बसायच्या. घरची शेती, चार म्हशी आणि तोंड फटकळ. भिमाजी चाचपत रस्ता ओलांडून यायचा आणि पिशवीतली नाणी स्वतः मोजून त्यांच्या हातात द्यायचा. आणेली त्याला कडेच्या पाकळ्यांवरून कळे, दोन आण्यांची चवली चौकोनी म्हणून कळे, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली गोल आणि वजनाला वेगळी. पेरं टणक झाली तरी नाण्याच्या कडा त्याला समजायच्या. शालनबाई मुद्दाम एखादं नाणं लपवून बघायच्या आणि तो म्हणायचा, "बाई, एक चवली तुमच्या ओच्यात पडली जनू." त्या मोठ्यानं हसायच्या. मला म्हणायच्या, "आंधळा हाय, पर कुनाम्होरं हात पसरत न्हाई. म्हनून तर दिलं ह्येला."

ही त्याची खरी कमाई होती. गाडीतून उतरलेला एखादा दयाळू माणूस पाटीत नाणं टाकून तसाच पुढे गेला की भिमाजी उठून उभा राहायचा. "अवो, शेंगा ऱ्हायल्या तुमच्या!" असा आवाज टाकायचा. कधीकधी मला माणूस ओळखून ठेवायला सांगायचा आणि संध्याकाळी परतीच्या गाडीला तो आला की त्याच्या हातात पुडी कोंबायचा. एका मास्तरांनी सांगितलं, "राहू दे रे, मी पुण्य म्हणून दिलं." भिमाजी म्हणाला, "पुन्याचं देवळात टाका, साहेब. हितं शेंगाच मिळत्यात." मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या दिवशी मी त्याला माझ्या पैशानं चहा पाजला.

सत्तावन्न सालच्या पाडव्याच्या सुमारास मुद्दल निम्म्याच्या खूप खाली आलं होतं. शालनबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरत होतं. त्या म्हणाल्या, "भिमाजी, दिवाळीपातूर समदी रक्कम आली पायजे. न्हाईतर डोरलं मोडावं लागंल मला. माज्या घरीबी कार्य हाय."

"दिवाळीच्या आधी सोडवतो," भिमाजी म्हणाला. त्यानं मनात मोजलं होतं आणि त्याचं मोजणं कधी चुकत नसे.

त्याच दिवसांत सरकारनं नवे पैसे काढले.

त्या नव्या पैशांनी सगळ्यांचीच डोकी फिरली होती. आण्याचे सहा नवे पैसे, चवलीचे बारा, पावलीचे पंचवीस. मग बारा आणि बाराचे पंचवीस कसे, यावरून गाडीत भांडणं, एसटीत भांडणं, वाण्याकडे भांडणं. स्टेशनाच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. डोळसांना तो वाचूनही कळत नव्हता. भिमाजीला तर भिंतीवर काही लावलंय हेच कुणी सांगितलं नाही, मीच सांगितलं.

जुनी नाणी बंद झाली नव्हती. दोन्ही एकत्र चालायची. आणि ज्यानं कुणी नव्या नाण्यांचे आकार ठरवले, त्यानं आंधळ्या माणसाचा क्षणभरही विचार केला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पाच नवे पैसे चौकोनी, चवलीसारखे. दोन नव्या पैशांना पाकळ्या, आणेलीसारख्या. दहालाही पाकळ्या. थोडं लहानमोठं असेल, पण भाजलेल्या पेरांना तेवढा फरक कसा कळणार? हाताला चवली लागायची आणि संध्याकाळी मी बघितलं की पाच नवे पैसे निघायचे. आणेली म्हणून घेतलेले दोन नवे पैसे निघायचे. काही लोक घाईत द्यायचे, काही जाणूनबुजून. कोण कुठला, हे त्याला कसं समजावं?

पहिल्याच महिन्यात रविवारचा हप्ता कमी पडला. मग पुन्हा पडला. शालनबाई नुसत्या नाणी हातात खाली-वर करत राहिल्या. भिमाजी मान खाली घालून म्हणाला, "शिकंन म्या. पोरगं चालाय शिकतं तसं शिकंन."

तो शिकायला बसलाही. दुपारी गाडी नसली की माझ्याकडे यायचा, मी एकेक नाणं हातात द्यायचो आणि तो कडेवरून बोट फिरवत राहायचा. ओठांना लावून बघायचा. दगडावर टाकून आवाज ऐकायचा. हळूहळू जमतही होतं. पण सकाळच्या गाडीची गर्दी कुणाची नाणी ओठांना लावून बघायला थांबत नाही.

मग आषाढात तो प्रकार झाला. कंपनीतला एक कारकून, नवा, पांढरा शर्ट घातलेला, त्यानं पावली देऊन आण्याच्या शेंगा घेतल्या. भिमाजीनं सुटे दिले, एक चवली आणि एक आणेली. त्याच्या समजुतीनं. कारकुनानं मूठ उघडून बघितलं आणि तो ओरडलाच.

"पाच नवे पैसे चवली म्हणून देतोस? आंधळा म्हणून दया करावी, तर हाच गिऱ्हाइकाला लुबाडतो!"

गाडी नुकतीच आली होती. शंभर माणसं थांबून बघत होती. भिमाजी दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "साहेब, चुकलं. समदी पिशवी घ्या, तुमचं काय असंल ते काढून घ्या." त्यानं कमरेची पिशवी सोडून पुढे धरली. मी हातातला पाना घेऊनच रस्ता ओलांडला आणि त्या कारकुनाला असं काही सुनावलं की तो पैसे न घेताच निघून गेला. पण भिमाजी माझ्यावरच चिडला. "त्येचं पैसं ऱ्हायलं ना माझ्याकडं," तो म्हणाला. "आता खराच चोर झालो म्या."

त्या दिवसापासून त्यानं सुटे देणं बंद केलं. आणि आण्याचा भावही बंद केला. कुणी विचारलं, कितीला माप, की तो म्हणायचा, "समजून द्या."

समजून द्या. किती साधा शब्द. मला तेव्हा वाटलं, शहाणपणा केला यानं. मोजायची कटकट गेली, चोरीचा आळ गेला. पण त्या शब्दानं काय केलं ते थोड्या दिवसांनी दिसायला लागलं. भाव सांगितला की माणूस गिऱ्हाईक असतो. समजून द्या म्हटलं की तो दाता होतो. लोक जास्त पैसे टाकायला लागले. आणि शेंगा घेईनासे झाले. "राहू दे बाबा, तुलाच राहू दे," असं म्हणून पुढे जायचे. भिमाजी सुरुवातीला उठून हाका मारायचा. मग बसूनच मारायचा. मग एक दिवस हाक मारलीच नाही.

सोजराबाई चाकणला जायची ती आधी दर बाजाराला, मग एक सोडून एक, मग पोतं तसंच पडून राहिलं म्हणून गेलीच नाही. पाटीच्या तळाशी पसाभर शेंगा असायच्या, नुसत्या दाखवायला. श्रावणात त्या शेंगांना बुरशी आली आणि तिनं त्या फेकून दिल्या. पाटी तेवढी रोज यायची.

रविवारचे हप्ते मात्र पुरे पडायला लागले. पुरे म्हणजे, आधीपेक्षा जास्तच. शालनबाई ते घ्यायच्या, मोजायच्या आणि हल्ली हसायच्या नाहीत.

तो आता येईल ते नाणं कपाळाला लावायचा. डोळ्यांना नाही, कपाळाला. नाणं पाटीत पडल्याचा आवाज झाला की हात जायचा, नाणं उचलायचा, कपाळाला टेकवायचा. दिवसभर. मी पंक्चर काढता काढता ते बघायचो. शेवटी न राहवून मी म्हणालो, "भिमाजी, तू काय करतोयस ते कळतंय ना तुला?"

"कळतंय," तो म्हणाला. त्याला राग आला नाही. "डोरलं सुटू दे, जोतीभाऊ. तिच्या गळ्यातलं ते हळकुंड एकदा सुटू दे. दिवाळी झाली की परत माप हातात घ्येतो. नाणीबी आता वळखाया आली मला. तू बघशील."

वसुबारसेच्या दिवशी शालनबाई डोरलं पदरात बांधून घेऊन आल्या. भिमाजीनं शेवटचे पैसे त्यांच्या ओंजळीत ओतले. त्यांनी मोजले नाहीत. सोजराबाईला जवळ बोलावलं, हळकुंडाचा दोरा स्वतःच्या दातांनी तोडला आणि डोरलं तिच्या गळ्यात बांधलं. सोजराबाई रडायला लागली. भिमाजीनं हात पुढे केला, तिच्या गळ्यावरून डोरल्याच्या दोन वाट्या चाचपल्या आणि म्हणाला, "जड लागतंय का गं?" ती म्हणाली, "न्हाई वो." तो हसला. कित्येक महिन्यांनी मी त्याला तसा हसताना बघितला आणि मलाही फार बरं वाटलं.

जाताना शालनबाई माझ्यापाशी थांबल्या. "कर्ज फिटलं म्हनायचं," त्या म्हणाल्या. "पर ह्यो पैसा मला जड जातोय, जोती. मागं असा न्हवता ह्यो." त्यांनी पैसे कनवटीला लावले आणि गावाच्या रस्त्यानं निघून गेल्या.

दिवाळी झाली, कंपनी उघडली. त्या पहिल्या सकाळी मी दुकान उघडलं तर झाडाखालून शेंगांचा वास येत होता. गच्च भरलेली पाटी, वर नवं माप, आणि भिमाजी धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून बसलेला. सोजराबाई पुन्हा चाकणला जाऊन आली होती. "जोतीभाऊ, वास बघ," तो तिथूनच ओरडला. "आन्याचं माप, सहा नवं पैसं! समजून-बिमजून काय न्हाई!"

गाडी आली. माणसं उतरली. भिमाजीनं पहिल्यासारखा आवाज टाकला. "भाजक्या शेंगा, आन्याला माप!" एक माणूस चालता चालता शेंगांवर नाणं टाकून गेला. भिमाजी उठून उभा राहिला. "अवो, शेंगा! शेंगा घ्या की!" माणूस कधीच पुढे गेला होता. दुसऱ्यानं नाणं टाकलं. भिमाजी माप भरून धरून उभा होता. तो माणूस म्हणाला, "असू दे बाबा, दिवाळीचं," आणि गेला. तिसरा, चौथा. लोक वाईट नव्हते. पावसाळ्यापासून ते या झाडाखाली एका आंधळ्याला नाणं टाकत आले होते आणि आजही टाकत होते. शेंगांवर नाणी साचत गेली. भिमाजीचा आवाज बारीक होत गेला आणि गर्दी ओसरली तेव्हा तो हातात भरलेलं माप घेऊन उभाच होता.

मला ते बघवेना. मी गल्ल्यातली एक आणेली काढली, जुनी, पाकळ्यांची, त्याला नक्की ओळखू येणारी, आणि रस्ता ओलांडून गेलो.

"आण्याच्या शेंगा दे," मी म्हणालो. "कर भवानी."

त्यानं माझा आवाज ओळखला. मी टोपी काढून त्याच्या हाताखाली धरली आणि त्यानं माप तिच्यात ओतलं. मी आणेली त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला, पाकळ्या चाचपल्या आणि हात वर नेला, उजव्या पापणीकडे. तिथे तो थांबला.

"जोतीभाऊ, तुझ्या दाढा?"

"बऱ्या झाल्या," मी म्हणालो.

हात तसाच क्षणभर हवेत राहिला. मग त्यानं तो आणा डोळ्यांना न लावता कपाळाला लावला आणि खाली बसला.

मी दुकानात येऊन टोपीतल्या शेंगा बाकावर ओतल्या. दिवसभर त्यांतली एकही फोडली नाही. संध्याकाळी सोजराबाई त्याला न्यायला आली, गळ्यात डोरलं चमकत होतं. तिनं नाणी वेचून पदरात घेतली आणि पाटी डोक्यावर उचलली. माझं एक माप सोडलं तर ती सकाळइतकीच भरलेली होती.